पर्जन्यासारखा देव आणि माणचा वारा

ईश्वरावरचा पक्षपाताचा आरोप जुनाच आहे. एकाला सुखात ठेवायचे, दुसऱ्याला हालात. मग देव समदर्शी कसा? ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्य या आक्षेपाला उत्तर देताना पावसाचा दृष्टान्त घेतात. भात असो वा जव, पाऊस दोघांना समान. पीक निराळे येते ते बियाण्यामुळे. ईश्वर पावसासारखा आणि बी म्हणजे ज्याचे त्याचे कर्म.

दृष्टान्त देखणा आहे. पण परंपरेनुसार आचार्यांचे जन्मगाव केरळातले कालडी, म्हणजे सह्याद्रीच्या ओल्या अंगाचे. सह्याद्रीच्या पूर्वेला, कोरड्या अंगाला असलेल्या माण तालुक्यातला शेतकरी आधी हेच विचारील, की पाऊस सगळ्यांना समान पडतो कुठे?

अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे सह्याद्री चढतात तेव्हा हवा प्रसरण पावून गार होते, बाष्पाचे पाणी होते आणि ते घाटमाथ्यावर कोसळते. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,५०० मिलिमीटरच्या आसपास. तोच वारा पलीकडे उतरताना दाबला जातो. ढग विरतात आणि मग ती हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी तापत जाते. पसरणीचा घाट उतरून वाईला आले, की पाऊस ७०० वर येतो. आणखी पूर्वेला, माणमधल्या दहिवडीकडे ५०० च्या आतबाहेर. आषाढात तिथे वारा सुसाट असतो, ढग डोक्यावरून नुसते पळतात, बाजरी माना टाकते. सगळी भिस्त परतीच्या पावसावर.

कर्मवादी म्हणेल, माणमध्ये जन्म मिळणे हेही कर्मच. पहिल्या जन्माआधी कर्म कुठून आले, या शंकेलाही भाष्यात उत्तर आहे: संसार अनादी आहे.

तर्क म्हणून याला तोड नाही. तरीही १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या लाखो माणसांचे प्रारब्ध एकाच डोंगराच्या आडोशाला कसे गोळा झाले, हे विचारावेसे वाटतेच. या डोंगराचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तेव्हा माणूसच नव्हता. अनादी संसार मानणाऱ्याला हा आकडाही किरकोळच वाटेल म्हणा!

या वादात दोन्ही पक्ष पाऊस म्हणजे प्रसाद हे गृहीत धरतात. माण-फलटणकडच्या मेंढपाळ धनगरांना ते पटायचे नाही. कोकणच्या पावसात मेंढी टिकत नाही, खुरे कुजतात. पावसाळ्यात त्यांना पूर्वेचे उघडे माळच हवेत. पाऊस सरला की त्यांचे वाडे, म्हणजे फिरते तांडे, घाट उतरून कोकणात जातात, कापणी झालेल्या खाचरांत मेंढरे बसवतात, खताच्या बदल्यात धान्य घेतात आणि मृगाआधी वर परततात. त्यांच्या हिशेबी डोंगराने पाणी काढून घेतलेला वारा हीच कृपा. भाष्यातल्या भात-जवाशेजारी या मेंढीलाही जागा द्यावी लागते.