देणाऱ्याचं नाव

 

मध्यंतरी आपल्या केंद्रात महाप्रसादासाठी नवी पातेली आली. त्यांवर देणाऱ्यांची नावं घातली, त्यात एका ताईंचं नाव राहून गेलं. त्या दोन गुरुवार आल्या नाहीत. तेव्हापासून आम्हा सेवेकरी भगिनींच्या मनात एक प्रश्न घोळतोय. नाव घालून दिलं, तर ते दान होतं का?

त्याच दिवसांत मुलांनी एक फोटो दाखवला. जेम्स वेब दुर्बिणीनं २०२२ साली टिपलेला, डब्ल्यूआर १२४ या ताऱ्याचा. हा तारा आपल्या सूर्याच्या जवळजवळ ३० पट वजनाचा. आयुष्याच्या शेवटाकडे आलाय. त्याच्या स्वतःच्याच प्रखर तेजाच्या दाबानं त्याचे बाहेरचे थर उडून जातायत. आतापर्यंत साधारण १० सूर्य होतील एवढं द्रव्य त्यानं सोडलंय. तेच त्याच्याभोवती तेजोमेघ होऊन पसरलंय.

गंमत बघा. अशा ताऱ्यांना वुल्फ-रायेट तारे म्हणतात. वुल्फ आणि रायेट या दोन फ्रेंच खगोलशास्त्रज्ञांनी १८६७ साली पॅरिसच्या वेधशाळेतून असे पहिले तारे ओळखले. म्हणजे देतो तारा, आणि नाव बघणाऱ्यांचं! ताऱ्याच्या वाट्याला नुसता नंबर.

कुणी म्हणेल, ताऱ्याला कुठे मन आहे? तो देत नाही, त्याच्याकडून जातं. खरंय. म्हणून त्याला पुण्य नाही आणि अहंकारही नाही. आपल्याला मात्र निवड आहे, म्हणून हा प्रश्न आपलाच आहे.

दुसरी बाजूही आम्ही बोललो. सासूबाईंच्या स्मरणार्थ पातेलं देणाऱ्या सुनेच्या मनात माया असते, मिरवणं नसतं. नाव वाचून आणखी चौघांना द्यावंसं वाटतं, हेही खोटं नाही. तेव्हा नाव घालणं वाईट, असं आम्ही म्हणणार नाही. पण उद्या घासून घासून ते नाव पुसलं गेलं, तरी आपण दिल्याचा आनंद तेवढाच राहील का? राहिला तर ते दान. नाहीतर तो व्यवहार.

तो तेजोमेघही कायमचा नाही. कालांतरानं तो विरून जाईल आणि त्याचं द्रव्य पुढे नव्या ताऱ्यांच्या, ग्रहांच्या कामी येईल. आपल्या रक्तातलं लोहसुद्धा असंच जुन्या ताऱ्यांत घडलेलं. कुठल्या ताऱ्यातलं, कुणाला ठाऊक? त्याच्यावर नाव नाही, तरी आपण त्याच्यावरच जगतोय.

त्या ताईंकडे आम्ही दोघी-तिघी जाऊन आलो. नाव राहिलं ही चूक आमचीच, तशी माफी मागितली. येत्या गुरुवारी वाढायला त्याच उभ्या राहणार आहेत. पंगतीत बसल्यावर पातेल्यावरचं नाव वाचू नका. वाढणाऱ्या हाताकडे बघून हात जोडा.

॥ श्री गुरुचरणी अर्पण ॥