हौसेची गैरसोय

तंबूची घडी पहिल्यासारखी पुन्हा कधी बसत नाही. पिशवी तीच, कापड तेच, काठ्याही तेवढ्याच. तरी परतीच्या सकाळी पिशवीची चेन अर्ध्यावरच अडते. दवाने जड झालेलं कापड, शिवणींत शिरलेली वाळू, सगळीकडे चिकटलेल्या सुरूच्या काड्या. झटकून झटकून हात दुखायला लागतात आणि शेवटी ‘घरी गेल्यावर गच्चीवर वाळत घालू’ म्हणत ते गाठोडं तसंच डिकीत कोंबलं जातं. कोळशांवर पाणी ओतायचं, कचऱ्याची पिशवी पायाशी घ्यायची, तंबूंची व्यवस्था बघणाऱ्या दादांचा निरोप घ्यायचा आणि निघायचं.

दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरून मुंबईकडे यायला दोन वाटा आहेत. घाईतला माणूस महाड गाठून महामार्ग धरतो. ज्याच्या अंगातून सुट्टी अजून उतरलेली नसते, तो किनारा सोडत नाही. बाणकोटवरून वेसवीला यायचं, फेरीबोटीनं सावित्रीची खाडी ओलांडून बागमांडल्याला उतरायचं. मग हरिहरेश्वर, श्रीवर्धन, शेखाडी, दिवेआगर. दिघीला पुन्हा गाडी बोटीवर चढवायची, आगरदांड्याला उतरवायची आणि मुरूड, काशीद, रेवदंडा करत अलिबाग. अंतर फार नाही, पण वेळेचा हिशेब या रस्त्यावर लागत नाही.

या प्रवासातली एक गोष्ट फक्त गाडी चालवणाऱ्यालाच कळते. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला असतो, म्हणजे चालकाच्या खिडकीशी. परतताना तो डावीकडे जातो. शेजारी बसलेल्याच्या वाट्याला लाटा येतात आणि चालवणाऱ्याच्या वाट्याला येते जमीन. चिऱ्याचे गडगे, अंगणात पसरलेली सुपारी, शाळेची भिंत, एसटीच्या थांब्यावर छत्रीची सावली करून बसलेली आजी. जाताना यातलं काहीच दिसलेलं नसतं. खरं तर कोकणातली जुनी घरंही अशीच रस्त्याकडे तोंड करून असतात. पुढे अंगण, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीच्याही मागे समुद्र. आपण ज्याच्यासाठी एवढा प्रवास करून येतो, तो त्यांच्या मागीलदारी असतो.

कॅम्पिंग ही मोठी मजेदार गोष्ट आहे. शहरात वीज पाच मिनिटं गेली तर आपण सोसायटीच्या ग्रुपवर आकाशपाताळ एक करतो. इथे मात्र पैसे मोजून अंधारात राहतो. जमिनीवर झोपतो, बादलीनं पाणी आणतो, मोबाइलला रेंज नाही हे कौतुकानं सांगतो. तंबू कुठे ठोकायचा हे विचारलं तर गावातला माणूस आधी ‘आज तिथी कुठली?’ असं विचारतो. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, येईल त्या तासाच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमी असेल तर सहाच्या आसपास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास आणि पाणीही त्या दिवशी सगळ्यात वर येणार. हे ऐकून आपण हरखून जातो. त्याला त्यात विशेष काही वाटत नाही, कारण होडी कधी काढायची आणि कधी आत घ्यायची हे त्याला याच गणितावर ठरवायचं असतं. आपल्याला अडचणीची हौस असते. ती हौस परवडते, कारण ती कधी संपणार हे आपण निघायच्या आधीच ठरवलेलं असतं.

वेसवीच्या धक्क्यावर हा फरक नीट दिसतो. बोट पलीकडे गेलेली असते. गाड्यांची रांग लागते, शहरातली मंडळी खाली उतरून फोटो काढतात, मुलं वडापाव मागतात, कोणीतरी हमखास म्हणतो, ‘काय मस्त संथ आयुष्य आहे ना इथे!’ त्याच रांगेत एक दुचाकी उभी असते. मागे बसलेल्या बाईच्या मांडीवर तापानं मलूल झालेलं पोर, हातात दवाखान्याची फाइल. ती फोटो काढत नाही. पलीकडच्या काठाकडे एकटक बघत असते आणि बोटीचा भोंगा वाजला की आधी तिचा नवरा गाडीला किक मारतो. खाडी ओलांडायला लागतात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. पण रात्री शेवटची फेरी गेली की सकाळपर्यंत पलीकडचा काठ दिसतो तेवढाच. मग मंडणगड, म्हाप्रळ, आंबेत असा वळसा.

या खाडीवर पुलाचं काम सुरू होऊन रखडलं. खांब पाण्यात अर्धवट उभे राहिले आणि बोटीतून जाणाऱ्यांनी कित्येक वर्षं ते बघितले. रायगडातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत किनाऱ्यालगत एक सलग रस्ता असावा, ही कल्पना १९८० साली मुख्यमंत्री झालेले बॅरिस्टर अ. र. अंतुले यांची. त्यांचं आंबेत गावही याच सावित्रीच्या काठी. रस्ता तुकड्यातुकड्यांनी होत गेला, पण मोठ्या खाड्यांपाशी येऊन थांबला. धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या इथे आडव्या येतात, तेव्हा किनाऱ्याचा रस्ता म्हणजे मुळात पुलांचाच प्रश्न. हे पूल पूर्ण करायचं आता पुन्हा मनावर घेतलं गेलं आहे. होतील तेव्हा खरं.

मला राहून राहून दुसरा एक पूल आठवतो. हीच सावित्री वर महाडपाशी मुंबई-गोवा महामार्ग ओलांडते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तिथला ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि आणखी काही वाहनं माणसांसकट गेली. ती रात्र कोकणातलं कोणीही विसरलेलं नाही. पुढच्या पावसाळ्याआधी, जून २०१७ मध्ये, तिथे नवा पूल वाहतुकीला खुला झाला. म्हणजे वर्षाच्या आत पूल उभा करणं आपल्याला जमतं. नदी तीच. फक्त एका पुलावरून सगळा देश जातो-येतो आणि दुसऱ्यावरून मंडणगडचं तापलेलं पोर श्रीवर्धनला जाणार असतं. आणि बाणकोटला निदान माणसं वाहून गेली नाहीत. ती रोज बोटीची वाट बघतात, एवढंच. आणि रोज वाट बघणं ही काही बातमी होत नाही.

बागमांडल्याला उतरल्यावर रस्ता चढतो, हरिहरेश्वरचा फाटा येतो, श्रीवर्धन मागे पडतं आणि शेखाडीकडचा तो भाग सुरू होतो जिथे समुद्र अगदी रस्त्याला खेटून चालतो. इथे गाडीतले सगळे डावीकडे झुकतात. त्याबद्दल नव्यानं सांगावं असं काही नाही, सगळ्यांच्या फोनमध्ये ते फोटो आहेत.

दिवेआगरला मात्र उजवीकडे बघावं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर येऊन आदळलं. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाचा वारा. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, पलीकडे मंडणगड, दापोली, सगळीकडे वाड्या आडव्या झाल्या. पोफळ उंच आणि सडपातळ झाड. वारा आला की ती वाकते, आणि एका मर्यादेपलीकडे मधूनच मोडते. श्रीवर्धनी रोठा ही सुपारी बाजारात नाव असलेली. ती ज्या झाडांवर लागायची ती झाडं आजोबा-पणजोबांनी लावलेली. नवी पोफळ लावली तर धरायला सहा-सात वर्षं जातात. कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाही, म्हणून आधी केळी लावायच्या आणि त्यांच्या सावलीत पोफळ वाढवायची. आज जाताना वाड्यांमध्ये अजूनही ही उतरंड दिसते. मागे वादळातून वाचलेले चार उंच माड, मधे मोकळं आकाश, पुढे केळी आणि त्यांच्या आडोशाला वाढणाऱ्या पोफळी. ज्याला वाडीतलं काही कळत नाही त्याला ते नुसतं हिरवंगार वाटतं.

वादळ आलं तेव्हा टाळेबंदी होती आणि पावसाळा उंबऱ्यावर. कौलं गेली, पत्रे उडाले, विजेचे खांब ओळीनं पडले. पुढचे कित्येक आठवडे अनेक गावांत वीज नव्हती. फोन लागत नव्हते. घराच्या राहिलेल्या भिंतींवर ताडपत्री ओढून माणसं पहिल्या पावसात राहिली. अंधार, जमिनीवर झोप, बादलीनं पाणी, रेंज नाही. यादी आपल्याच सुट्टीची आहे. फक्त त्यांना परतीची तारीख माहीत नव्हती, आणि परतायचं तरी कुठे? घर तेच होतं.

तंबूत झोपणाऱ्यांनी लाजून मान खाली घालावी, असं मी म्हणत नाही. माणसानं उघड्यावर झोपावं, वाऱ्याचा आवाज ऐकावा, मुलांना अंधाराची भीती वाटू द्यावी. इथल्या माणसांना त्यातून चार पैसेही मिळतात. वेळासला २००२ पासून कासवांच्या घरट्यांची राखण सुरू झाली आणि पुढे पिल्लं बघायला येणाऱ्यांसाठी गावकऱ्यांनी आपली घरं उघडली, तेव्हा त्या गावाला एक नवं उत्पन्न सापडलं. पर्यटन असं असेल तर ते हवंच आहे. मला खटकतं ते आपलं हळहळणं. ‘पूल झाला की सगळी मजा जाईल’, ‘रस्ता रुंद झाला की कोकण कोकण राहणार नाही’, हे आपण दिघीच्या बोटीत कठड्याला टेकून, जंजिऱ्याकडे बघत म्हणतो. रस्ता करताना डोंगर कसा कापला, किती झाडं गेली, खारफुटीचं काय झालं, हे जरूर विचारावं. कडक शब्दांत विचारावं. पण बोटीची गंमत टिकावी म्हणून पूल नको, हे म्हणायचा हक्क शेवटची फेरी चुकली तर हॉटेलात खोली घेऊ शकणाऱ्याला नाही.

रेवदंड्याच्या पुलाच्या अलीकडे साळाव, पलीकडे चौल. तिथून अलिबागपर्यंत रविवारी संध्याकाळी गाड्यांची जी रांग लागते, तीत सगळ्यांच्या काचा वर आणि तोंडं वाकडी. हौसेची गैरसोय संपून खरी सुरू झालेली असते, आणि ती आपल्याला तासभरसुद्धा सोसत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी किनाऱ्यानं परतलात तर दोन गोष्टी करा. कोकम, आमसुलं, सुपारी, सुकी मासळी जे काही घ्यायचं ते महामार्गावरच्या चकचकीत दुकानात न घेता श्रीवर्धन-दिवेआगरला दारात बसलेल्या बाईकडून घ्या, आणि घासाघीस करू नका. आणि बोटीत शेजारी उभ्या असलेल्या माणसाला पूल हवा का, ते एकदा विचारा.