पाच तारे

दाम दिला की काम संपले, असे आपण समजतो. वाण्याच्या दुकानात ते खरेही असते. किलोभर डाळ घेतली, पैसे मोजले. त्यानंतर वाणी आपला ऋणी नाही, आपण वाण्याचे नाही. परंतु माणसाच्या हातचे काम विकत घेताना हिशेब इतका सरळ राहतो काय?

आज शहरात नळ गळू लागला, पंखा बसवायचा झाला किंवा दिवाळीपूर्वी घर धुऊन काढायचे झाले, तर कोणाकडे चौकशी करावी लागत नाही. मोबाईलवर बोट ठेवावे, ठरल्या वेळी माणूस दाराशी हजर. २००८ साली अमेरिकेत बॉस्टन येथे लिया बस्क या बाईंनी किरकोळ कामांचा असा बाजार मांडला. २०१४ साली आपल्याकडे अर्बनक्लॅप निघाली. तिचेच आजचे नाव अर्बन कंपनी.

या बाजाराचे गुण आधी सांगितले पाहिजेत. आपल्या गावगाड्यात सुताराला, न्हाव्याला, परिटाला खळ्यावर धान्याचे बलुते मिळे. पण काम जन्माने ठरलेले असे आणि नाही म्हणण्याची सोय नसे. नवे यंत्र जात विचारीत नाही, काम येते का एवढेच विचारते. दरही आधी ठरलेला. हा लाभ लहान नव्हे. जुन्या गावासाठी उसासे टाकणाऱ्यांनी तो विसरू नये.

मात्र गावचा सुतार सर्वांच्या ओळखीचा असे. एखादी चौकट वाकडी बसली, तरी त्याची वीस वर्षांची कारागिरी लोकांना ठाऊक असे. आजच्या कारागिराला ओळख नाही. त्याला तारे आहेत. काम होताच मोबाईल आपल्याला विचारतो : पाच, की तीन? त्याला पुढचे काम मिळणे पुष्कळदा या ताऱ्यांच्या सरासरीवर अवलंबून असते. म्हणजे आपण गिऱ्हाईक म्हणून दार उघडतो आणि न्यायाधीश म्हणून ते लावून घेतो.

मी शिक्षक, गुण देणे हा माझा नेहमीचाच उद्योग. पण तेथे बंधने असतात. उत्तर वाचावे लागते, गुण का कापला ते सांगावे लागते, मुलाला फेरतपासणी मागता येते. फाटकावर पहारेकऱ्याने वही भरायला थांबवले, लिफ्ट बंद होती, म्हणून उशिरा पोचलेल्या माणसाचा तारा कापताना यांपैकी एकही बंधन आपल्यावर नसते. दाम देऊन आपण त्याचा तास घेतला. त्याची उद्याची भाकरी घेतलेली नाही. ती केवळ निर्णयासाठी आपल्या हाती आली आहे. आणि ज्याच्या हाती निर्णय, त्याच्यावर न्यायाचे कर्तव्य आलेच.

मग वाईट कामालाही पाच तारे द्यावेत काय? मुळीच नाही. खोटी दया हाही अन्यायच. तो चोख काम करणाऱ्यावर होतो. नळ पुन्हा गळला तर तसे सांगावे. पण आधी त्या माणसाला सांगावे, मग यंत्राला. आणि तारा कापायचा तो कामाचा, आपल्या चिडचिडीचा नव्हे.

कायदा आपले काम करील. रोज नवा मालक असलेल्या मजुरालाही संरक्षण देता येते, हे महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने दाखवून दिले. या नव्या कामगारांची दखल २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. कंपन्यांनी उलाढालीचे १ ते २ टक्के त्यांच्या कल्याणासाठी द्यावेत, अशी तरतूद असलेली ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. पण तारे देणाऱ्या बोटाशेजारी कोणताही कायदा येऊन बसत नाही.

दिवाळीत पोस्त देण्याची आपली चाल जुनी आहे. पोस्टमनला, दूधवाल्याला, पेपरवाल्याला आपण ती देतो, कारण ते वर्षभर येतात. एकदाच येणाऱ्याची पोस्त कोणती? पेलाभर पाणी, क्षणभर टेकायला खुर्ची, नाव विचारणे. आणि तो गेल्यावर तारे देण्यापूर्वी थोडे थांबणे. पहिल्या तिन्ही गोष्टी तो कदाचित विसरेल. चौथी मात्र त्याच्याबरोबर पुढच्या दारापर्यंत जाईल.