प्रत, वाचन आणि परवाना

भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या प्रोग्रामचा अंतर्भाव साहित्यकृतीत झाला. या वर्गीकरणात एक तात्त्विक अडचण दडलेली आहे. ग्रंथ वाचताना नवी प्रत निर्माण होत नाही. प्रोग्राम मात्र नक्कल झाल्याखेरीज चालतच नाही. अमेरिकेतील एमएआय सिस्टिम्स विरुद्ध पीक कॉम्प्युटर या खटल्यात १९९३ मध्ये प्रोग्राम संगणकाच्या स्मृतीत चढवणे हेही प्रत करणेच ठरले. परिणामी वाचन म्हणजेच प्रतिलेखन झाले आणि वाचकाला प्रत्येक वाचनासाठी अनुज्ञेची गरज भासू लागली.

नेल्सन गुडमन यांनी १९६८ मध्ये मांडल्याप्रमाणे साहित्यकृतीची प्रत्येक बिनचूक प्रत ही ती कृतीच असते. मग एकाच संगणकावरील दुसऱ्या प्रतीने कृतीत कोणती भर पडते? काहीच नाही. तरीही विंडोज ११ च्या सर्वसाधारण परवान्यानुसार एका उपकरणावर एकच प्रत चालते आणि आभासी संगणक हे वेगळे उपकरण मानले जाते. यंत्र एक, वापरणाराही एक. परवाने मात्र दोन.

या नियमामागे तर्क नाही असे नव्हे. एका बलाढ्य यंत्रात अनेक आभासी संगणक चालवून चाळीस जणांचे काम भागवता येते. तेथे 'एक संगणक' ही केवळ पेटीची गणना उरते आणि ती निर्मात्यावर अन्याय करते. परंतु चाचणीसाठी दुसरी प्रत ठेवणारा विद्यार्थी आणि चाळीस जणांना राबवणारी संस्था यांना हा नियम एकाच मापाने मोजतो. १९८० च्या दशकात बोरलँड कंपनीच्या परवान्याने प्रोग्राम पुस्तकाप्रमाणे वापरण्याची मुभा दिली होती: तो कितीही जणांनी, कोणत्याही यंत्रावर वापरावा, मात्र एकाच वेळी दोन ठिकाणी नव्हे. तेथे मोजमाप प्रतीचे नव्हते, पेटीचेही नव्हते; ते समकालिक उपयोगाचे होते. नैतिकदृष्ट्या हेच एकक अधिक समर्थनीय आहे, कारण निर्मात्याची खरी हानी तेथेच संभवते.

याचा अर्थ अटी मान्य करणारा त्यांतून मुक्त होतो असा नाही. शब्द दिला की तो बांधतो. मात्र त्या विद्यार्थ्याकडून घडतो तो वचनभंग, चौर्य नव्हे. चौर्यात दुसऱ्याचे काही हिरावले जाते. वचनभंगात विश्वासाला तडा जातो. त्या वचनाचे वजनही ते कोणत्या परिस्थितीत घेतले गेले यावर अवलंबून राहते, आणि जेथे वाटाघाटीला वाव नसतो, केवळ स्वीकार वा त्याग एवढेच पर्याय असतात, तेथे ते पूर्ण मानता येत नाही. 'चाचेगिरी' या एकाच शब्दाने हे सारे भेद पुसले जातात. भाषेतील ही सरमिसळ निस्तरणे हे समीक्षेचेही काम आहे.