निकाल न देणारी कथा

आपल्या मुलांना इंग्रजी यावे, हा आग्रह आता घरोघरी दिसतो, आणि तो रास्तच आहे. परंतु इंग्रजीच्या तासाला केवळ व्याकरण आणि अर्जलेखन शिकवावे, की जिच्या अखेरीस तात्पर्य दिलेले नाही अशी आधुनिक कथा पुढे ठेवून मुलांना बोलते करावे? अशा कथेने कोवळी मने गोंधळतील, ही पालकांची भीती आम्ही क्षुल्लक मानीत नाही.

अशा कथेचा एक अध्वर्यू जेम्स जॉइस हा स्वतः पोटासाठी इंग्रजी शिकवीत असे. १९०५ पासून त्रिएस्त या बंदरात त्याच्या शिकवण्या चालत. त्याच्याहून वीस वर्षांनी वडील असलेले एत्तोरे श्मित्स हे कारखानदार धंद्यासाठी इंग्रजी शिकू लागले. जॉइसने आपल्या अपुऱ्या कादंबरीची काही प्रकरणे त्यांना वाचावयास दिली, आणि १९०९ साली श्मित्सांनी इंग्रजीतच पत्र लिहून आपले परखड मत कळविले. सांगण्याजोगे काही मनात असले, म्हणजे परकी भाषाही जिभेवर येते. हेच श्मित्स पुढे इतालो स्वेवो या नावाने थोर कादंबरीकार ठरले.

जॉइसच्या ‘डब्लिनर्स’ (१९१४) या संग्रहातील ‘एव्हलिन’ ही कथा पाहा. एकोणीस वर्षांची ही कॅथलिक मुलगी तापट बापाच्या धाकात घर सांभाळते. घर शक्य तोवर एकत्र ठेवीन, असे वचन तिने मरणोन्मुख आईला दिलेले आहे. एक खलाशी तिला लग्न करून दूरदेशी नेण्यास तयार आहे. धक्क्यावर ती आपले कर्तव्य दाखविण्याची देवाला विनवणी करते, कठडा घट्ट धरून ठेवते, आणि जहाजावर चढत नाही. कथा तेथेच थांबते.

तिने वचन पाळले, की ती भ्याली? एक विद्यार्थी चौथ्या आज्ञेकडे बोट दाखवील. दुसरा म्हणेल, खिन्नतेच्या घटकेला पूर्वीचा निश्चय बदलू नये, असे संत इग्नेशियस सांगतात. येथे शिक्षकाने निकाल देण्याची घाई करू नये. मात्र प्रत्येकाकडून कथेतील आधार मागावा. सर्वच मते सारखी खरी, असा याचा अर्थ नव्हे. आज्ञा धर्मशिक्षणात कळतात. त्या नेमक्या प्रसंगी कशा लागू होतात, हे सदसद्विवेकबुद्धीला सरावानेच उमगते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हिला माणसाचे अंतरतम पवित्रस्थान मानले आहे. तेथे पालक वा धर्मगुरू सदैव सोबत असणार नाहीत.

जॉइसने ख्रिस्तसभेकडे पाठ फिरविली होती, हे खरे. तरी त्याची ही कथा वाचून आमच्या मुलांनी कर्तव्य आणि भय यांतील भेद ओळखला, तर तो लाभ आम्ही का नाकारावा?

आणि तात्पर्य न सांगता थांबणे आपल्याला तरी कोठे नवीन आहे? उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप थोरल्या मुलाची मनधरणी करतो. तो मुलगा अखेर घरात गेला की नाही, हे संत लूक सांगत नाही. प्रभूने ते उत्तर ऐकणाऱ्यांवर सोपविले. आपल्या मुलांवरही आपण तेवढा विश्वास टाकावा.