सारथी उतरल्यानंतर

मोटार वाहनांसंबंधीच्या १९८८ च्या केंद्रीय कायद्यात १२६ वे म्हणून एक कलम आहे, जे वकिलांच्या आणि वाहतूक-खात्याच्या दप्तराबाहेर सहसा कोणी वाचीत नसेल. सार्वजनिक जागी उभ्या केलेल्या वाहनाच्या आसनावर परवानाधारक मनुष्य बसलेला नसेल, तर यंत्र बंद करून आणि ब्रेक लावून, अथवा दुसरी काही योग्य तजवीज करून, ते वाहन चालकाच्या गैरहजेरीत अकस्मात चालू लागणार नाही असा बंदोबस्त झाला पाहिजे, असा त्या कलमाचा आशय आहे. कायदा करणाऱ्यांच्या मनात तत्त्वज्ञान असण्याचे कारण नाही. परंतु संयमाविषयीचा जो प्रश्न आपल्या अध्यात्मग्रंथांतून पुन्हा पुन्हा डोके वर काढतो, त्याची इतकी नेमकी मांडणी मला अन्यत्र क्वचितच आढळली आहे.

कठोपनिषदाने शरीराला रथ, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे कल्पून जो दृष्टान्त रचला, तो आपल्याकडे इतका परिचित झाला आहे की त्यात काय गृहीत धरले आहे हे पाहण्याची इच्छाच उरलेली नाही. त्यात सारथी सदैव आपल्या जागी बसलेला आहे. तो विवेकी असेल तर घोडे ताब्यात राहतात, अविवेकी असेल तर उधळतात. पण तो जागेवरच नसेल तर काय, हे त्या रूपकाच्या कक्षेत येत नाही. आणि वस्तुस्थिती अशी आहे की निद्रा, व्याधी, थकवा, स्तुती, समुदायाचा उन्माद, किंवा नुसता कंटाळा, यांपैकी कशाने ना कशाने आपली बुद्धी दिवसातून अनेकदा आसन सोडून खाली उतरलेली असते. आठही प्रहर लगाम हाती धरून बसलेला मनुष्य पुराणांत भेटतो. व्यवहारात, निदान माझ्या परिचयाच्या व्यवहारात, तो भेटत नाही. म्हणून प्रश्न असा उभा राहतो, की संयम म्हणजे लगाम धरणाऱ्याचा चालू असलेला प्रयत्न समजावयाचा, की त्याच्या माघारीही टिकून राहणारी एखादी व्यवस्था?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी वाचकाला एका जीपगाडीच्या पोटाखाली नेणार आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी तयार झालेल्या विलीज जीपला, आणि स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जुळणी करून विकलेल्या तिच्या वंशजांना, हातब्रेक चाकांवर नव्हताच. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस, म्हणजे इंजिनाची शक्ती पुढच्या आणि मागच्या आसांना वाटून देणारी पेटी असते. तिच्या मागील तोंडाशी, जेथून मागच्या आसाकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट निघतो, तेथे एक लहानसा ड्रम बसविलेला असे, आणि आरंभीच्या गाड्यांत त्याला बाहेरून पट्टा आवळीत असे, तर पुढच्या गाड्यांत आतून फाकणारे ब्रेक-शू आले. इंग्लंडातील लँड रोव्हरने १९४८ सालापासून हीच पद्धत पत्करली आणि २०१६ साली जुन्या डिफेंडरचे उत्पादन बंद होईपर्यंत ती सोडली नाही. रोध चारही चाकांशी जाऊन स्वतंत्रपणे करण्याऐवजी, चाकांकडे जाणारी गती ज्या एका दांड्यातून वाहते तो दांडाच धरावा, हे या योजनेचे मर्म आहे.

त्यात बळाचाही लाभ आहे. विलीजच्या मागच्या आसात दातेरी चक्रांचे प्रमाण ४.८८ ला १ असे होते. शाफ्टचे जवळजवळ पाच फेरे व्हावेत तेव्हा चाकाचा एक फेरा होई, आणि म्हणून शाफ्टवर केलेला रोध आसापर्यंत पोचता पोचता तितक्याच पटीने वाढे. ओंजळीपेक्षा फारसा मोठा नसलेला ब्रेक, एका हाताने ओढलेल्या तरफेच्या जोरावर, भरलेली गाडी घाटाच्या उतारावर धरून ठेवतो, याचे रहस्य हेच. शिवाय ओढा ओलांडताना चाकांतल्या ड्रममध्ये पाणी आणि चिखल शिरतो, तसा तो या उंचावरच्या ब्रेकमध्ये सहसा शिरत नाही. त्याचा खरा शत्रू घरातलाच असतो: ट्रान्स्फर केसचे ऑइल सील झिजले की आतले तेल झिरपून लायनर भिजतात, आणि मग तरफ कितीही ओढली तरी पकड येत नाही.

हा ब्रेक आज नव्याने बसविण्याचा प्रसंग येतो तो मुख्यतः हौशी मंडळींवर. जुनी जीप सह्याद्रीतल्या दगडधोंड्यांच्या वाटांवर नेण्यासाठी ते तिला मोठे टायर घालतात, दुसऱ्या गाडीचा डिस्कब्रेक असलेला मागचा आस आणून जोडतात, आणि अशा आसाला पुष्कळदा हातब्रेकची सोय नसते. तेव्हा प्रोपेलर शाफ्ट सोडवून, ट्रान्स्फर केसच्या फ्लँजवर एक डिस्क चढवावी लागते. पेटीच्याच बोल्टांना ब्रॅकेट अडकवून त्यावर केबलने चालणारा कॅलिपर बसवावा लागतो. डिस्क त्याच्या दोन पॅडच्या बरोबर मधोमध फिरते की नाही, फ्लोअरला अथवा सायलेन्सरच्या नळीला कोठे लागत तर नाही, हे हाताने फिरवून पाहावे लागते. सील या वेळी न बदलणारा फिटर काम वाढवून ठेवतो. केबलला तीव्र वळण दिले तर तिचे निम्मे बळ वळणातच खर्च होते. हे सारे कष्टाचे, पण सरळ काम आहे.

यातील एका तपशिलाशी मात्र मला थांबावेसे वाटते. हा खटाटोप टाळण्यासाठी पायाच्या ब्रेकच्या नळीत एक झडप घालून, पॅडल दाबल्यावर निर्माण झालेला तेलाचा दाब तसाच कोंडून ठेवण्याची युक्ती कोणी कोणी करतात. घटकाभर ती चालते. परंतु कोंडलेला दाब हा कोंडलेलाच असतो. तेल थंड झाले की तो उतरतो, एखाद्या जोडातून थेंब थेंब गळाला की तो नाहीसा होतो, आणि मालक चहा पिऊन परत येईपर्यंत गाडी उतारावरून निघालेली असते. उलट हातब्रेकच्या तरफेला दातेरी पट्टी असते, तीत खटका पडतो, आणि मग हात काढून घेतला तरी ओढ कायम राहते, कारण ती आता कोणाच्याही स्नायूवर किंवा तेलावर अवलंबून नसते. एका क्षणाचा प्रयत्न तेथे स्थितीत रूपांतरित झालेला असतो. पतंजलीने योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात निरोधाचा विचार करताना जे सांगितले, की निरोधाचाही संस्कार उमटतो आणि त्या संस्काराच्या योगानेच चित्ताचा प्रवाह शांतपणे वाहू लागतो, त्याचा अर्थ मला या खटक्याजवळ जितका स्पष्ट झाला तितका टीकाग्रंथांतून झाला नव्हता. इच्छाशक्तीने विकार दाबून धरणारा मनुष्य तेलाचा दाब कोंडीत असतो. अभ्यासाने ज्याचा खटका पडला आहे तो गैरहजर राहू शकतो. मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते: सारथ्याच्या माघारी रथ धरतो तो संस्कार.

तो संस्कार कोठे बसवावयाचा, हे उरलेले अर्धे. आणि वादाची जागा तीच आहे. वेदान्ताच्या प्रकरणग्रंथांत शम म्हणजे मनाचा निग्रह आणि दम म्हणजे बाह्येंद्रियांचा, अशी वाटणी रूढ आहे, आणि साधनसंपत्तीची यादी देताना शम पहिला, दम दुसरा, असा क्रम लावलेला असतो. शम हा शाफ्टवरचा ब्रेक आहे. दम हा चाकांवरचा. शाफ्टवरचा ब्रेक अधिक बलवान, अधिक सुटसुटीत आणि चिखलापासून दूर, हे आपण पाहिलेच. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कर्मेंद्रिये आवरून मनाने विषयांचे चिंतन करीत बसणाऱ्याला मिथ्याचारी ठरविले आहे, तेही शमाच्याच पक्षाचे प्रमाण. यावरून आपल्याकडच्या सुशिक्षित धर्मचिंतनाने गेल्या शतकभरात एक सोयीचा निष्कर्ष काढला: मन शुद्ध असले म्हणजे झाले, बाहेरच्या नेमांचे, व्रतांचे, वर्ज्यावर्ज्याचे अवडंबर हवे कशाला? कर्मठपणाच्या विरुद्ध हे बंड काही अंशी आवश्यकच होते, हे मी कबूल करतो. पण बंडाच्या भरात यंत्राचा एक भाग पाहावयाचा राहून गेला.

तो भाग डिफरन्शियल. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक अंतर तोडावे लागते, म्हणून शाफ्टकडून आलेली गती दोन चाकांत विभागून देणारी ही चक्रांची पेटी आसाच्या मध्यभागी बसविलेली असते. तिचा नियम असा की दोन चाकांच्या गतीची सरासरी ती कायम राखते. एक चाक कमी फिरले तर दुसरे तितकेच अधिक फिरते. आता शाफ्ट पक्का धरला, म्हणजे सरासरी शून्य झाली. दोन्ही चाके जमिनीवर घट्ट टेकलेली असतील तोवर शून्याची सरासरी म्हणजे दोन्ही स्थिर. परंतु त्यांतले एक चाक जॅकने उचलले, अथवा ते खड्ड्यावर अधांतरी लोंबकळले, अथवा शेवाळलेल्या दगडावर आले, की शून्याची सरासरी साधण्याचा दुसरा मार्ग मोकळा होतो: अधांतरी चाक उलटे फिरू लागते, जमिनीवरचे चाक तितकेच सुलटे फिरते, आणि गाडी उतारावरून चालू पडते. यात ब्रेकची पकड कणभरही सुटलेली नसते. शाफ्ट पूर्वीइतकाच निश्चल असतो. म्हणून अशा गाडीचा अनुभवी मिस्त्री जॅकला हात लावण्यापूर्वी टेकलेल्या चाकांना गुटके लावतो, आणि उतारावर गाडी सोडताना चारही चाकांची जोडणी चालू ठेवतो, म्हणजे पुढचा आसही त्याच शाफ्टशी बांधला जातो.

मला हे नैतिक जीवनाचे अत्यंत भयप्रद चित्र वाटते, आणि ते भय चित्रातल्या गतीचे नसून निश्चलतेचे आहे. आयुष्याचे एक चाक ज्याने जमिनीवरून उचलून धरले आहे, म्हणजे आपल्या व्यवहाराचा एक प्रान्त, मग तो व्यापार असो, राजकारण असो, हाताखालच्या माणसांशी वागणे असो की स्वतःच्या बायकोशी बोलणे असो, धर्माच्या अंमलातून ज्याने बाहेर काढला आहे, असा मनुष्य दांभिकच असतो असे नाही. तो पहाटे उठून ध्यान करतो, आणि ध्यानात त्याचे मन खरोखरच स्थिर असते. त्याच्या शाफ्टवरची पकड अस्सल आहे. तो आत पाहतो तेव्हा त्याला काहीही हलताना दिसत नाही, आणि त्या अनुभवाच्या आधारे, मी ढळलो नाही, अशी ग्वाही तो स्वतःला देतो. तेवढ्या वेळात गाडी दरीच्या काठाकडे निघालेली असते. मिथ्याचाऱ्याला निदान आपल्या मनातली खळबळ ठाऊक असते. याला ठाऊक होण्याचा मार्गच उरलेला नसतो, कारण जेथे तो तपासतो तेथे दोष नाही. अंतःकरणाची शांती हा संयमाचा पुरावा होऊ शकत नाही, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

यासाठी चाकाशी, जमिनीला लागून, काहीतरी असावे लागते. जळगावच्या श्रीरामाचा रथ कार्तिकी एकादशीला निघतो तेव्हा त्या प्रचंड लाकडी रथाला वळविणे व थांबविणे हे काम चाकांखाली लाकडाची मोगरी घालणाऱ्या माणसांकडे असते. ओढणारे शेकडो, पण जबाबदारी मोगरीवाल्यांची. वारकऱ्याच्या गळ्यातील तुळशीच्या माळेला मी त्याच जातीची वस्तू समजतो. मद्यमांस वर्ज्य, एकादशीचा उपवास, पंढरीची वारी, हे सगळे चाकापाशीचे, दिसणारे, मोजता येणारे निर्बंध आहेत, आणि त्यांची चेष्टा करणारे पंडित मनाच्या उंचीवरून बोलतात हे खरे. पण माळ घातलेल्या शेतकऱ्याला आपली गाडी सरकली की नाही हे समाधीत शिरून पाहावे लागत नाही. शेजाऱ्यालाही ते दिसते. बृहदारण्यकाच्या चौथ्या अध्यायात ज्ञानी पुरुषाचे वर्णन करताना शान्त या विशेषणाला दान्त हे विशेषण जोडून दिले आहे. शान्त म्हटल्यावर ऋषीला पुढे बोलण्याची गरज का भासली, याचे उत्तर मला तरी डिफरन्शियलपाशी मिळते.

शमाचा पक्षपाती येथे एक आक्षेप घेईल, आणि तो अगदीच टाकाऊ नाही: इतक्या बलवान ब्रेकचा उपयोग, मोह अंगावर आला असताना, धावत्या गाडीत का करू नये? गॅरेजमध्ये हा प्रश्न विचारला तर मोडलेले हाफ शाफ्ट दाखविले जातील. प्रमाणामुळे वाढलेला तो रोध वेगात असलेल्या चक्रांवर एकदम येऊन पडला, की क्राउन-पिनियनच्या दातांना आणि आसाच्या दांड्यांना जो हिसका बसतो तो त्यांना सोसत नाही. क्रोधाच्या भरात एका झटक्याने चित्त निर्विकार करू पाहणाऱ्या साधकांची जी दशा होते तिचे वर्णन करण्याची गरज नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात मन शांत करण्याचा मार्ग सांगताना सावकाशीवर दिलेला भर उगाच नाही. धावती गाडी थांबवावयाची ती पायाच्या ब्रेकने, चारही चाकांवर, म्हणजे दमाने. आणि थांबलेली गाडी धरून ठेवावयाची ती शाफ्टवर. ग्रंथांतल्या यादीत शम आधी येतो तो प्रतिष्ठेच्या क्रमाने येत असावा. बसविणाऱ्याच्या आणि चालविणाऱ्याच्या हातात क्रम उलटा आहे.

नव्या ब्रेकची परीक्षा उतारावर होते. गाडी पायाने पूर्ण थांबवून, गिअर न्यूट्रलमध्ये टाकून, तरफ ओढावयाची, खटका पडू द्यावयाचा, आणि मग पाय हळूहळू उचलावयाचा. गाडी तत्काळ धरली जात नाही. शाफ्टचे सांधे आणि आसातील दात यांच्यातला प्ले भरून निघेपर्यंत ती दोन-चार बोटे सरकते, खालून एक ठोका ऐकू येतो, आणि मग ती उभी राहते. ते सरकणे ब्रेकचा दोष समजून नवखा मालक केबल आणखी ताणावयास सांगतो. जाणता मिस्त्री त्याला नकार देतो, कारण तितकी ताणलेली केबल चालत्या गाडीतही पॅड डिस्कवर घाशीत राहते, आणि काही कोसांतच ते तापून जळून जातात.