तिकाटण्यावरचा सौदा

आमच्या नारायणगडाच्या परिसरात तिकाटण्यावर उतारा दिसला, की माणसे त्याला वळसा घालून जातात. वाटा मिळतात तेथे पिशाचांचा वास असतो ही समजूत जुनी आहे. आणि ती केवळ आपल्याच मुलखात आहे असे नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेत मिसिसिपी नावाचे कापसाचे राज्य आहे. तेथील कृष्णवर्णीयांची गुलामगिरी 1865 साली कायद्याने संपली, पण दैन्य संपले नाही. त्या दुःखातून ‘ब्लूज’ नावाची गाणी निपजली. आपल्या मायबहिणी जात्यावर ओवीतून मन मोकळे करीत, तसाच काहीसा हा प्रकार होय. या गाणाऱ्यांत रॉबर्ट जॉन्सन नावाचा तरुण होता. प्रथम त्याचे गिटार ऐकून लोक नाके मुरडीत. मग तो काही काळ दूर गेला, आणि परतला तो निष्णात होऊन! लोक म्हणू लागले की, याने मध्यरात्री चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला.

खरी हकिगत साधी आहे. आइक झिमरमन नावाच्या वादकाजवळ तो शिकला. रात्री दोघे स्मशानात बसून सराव करीत, असे त्या वादकाच्या घरच्यांनी सांगितले आहे. 1936 व 1937 साली त्याची 29 गाणी मुद्रित झाली, आणि 1938 साली तो अवघ्या 27व्या वर्षी वारला.

मग सौद्याचीच गोष्ट लोकांस का रुचली? कारण ती सोयीची आहे. ती गाणाऱ्याचे श्रम हिरावून घेते, आणि ऐकणाऱ्यास श्रमांतून मोकळे करते.

रेव्ह. नारायण वामन टिळकांस 1893 साली आगगाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने नवा करार दिला, व दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. ही गोष्टही कोणी जादूसारखी सांगेल. परंतु मधले वाचन, मनातील झगडा, आणि पुढे लक्ष्मीबाईंचा काही वर्षांचा वियोग, हे सारे त्या गाडीत घडले नव्हते.

प्रिय वाचकहो, धर्मांतर केलेल्या माणसास आजही कोणी विचारतो, “तू कितीला विकला गेलास?” त्याचे उत्तर वादाने देता येत नाही. वाट निवडण्याचा क्षण एक असतो; ती चालण्याचे दिवस पुष्कळ असतात. प्रभूने वधस्तंभ दररोज उचलावयास सांगितला आहे, तो याचसाठी. विकलेला मनुष्य मोल घेऊन थांबतो. निवडलेला मार्ग मात्र उद्या सकाळी पुन्हा चालावा लागतो. शेजारी पाहतात ते हेच चालणे.